दुबईहून कोणता फोन आणावा?

दुबईत नोकरी करणारा माझा भाचा सुटीवर घरी यायला निघाला की पंधरा दिवस आधीपासून त्याचा एकच प्रश्न असतो, "मामा, कोणाला काय आणू?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कोणाला अत्तर, कोणाला खजूर, लहानांना चॉकलेट. या वेळी मात्र माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, आपणहून सांगितले, "मला फोन आण. तुझा चेहरा नीट दिसेल असा."

एवढे बोलणे झाले आणि आमच्या घरात सभाच भरली. मुलगी म्हणाली, आजीला आयफोनच पाहिजे. आमच्या सौ. म्हणाल्या, सॅमसंग बरा, शेजारी तोच आहे आणि चांगला चालतो. मुलाचे मत असे की चिनी कंपनीचा घ्यावा, पैसे कमी पडतात आणि बॅटरी जास्त टिकते. मी पडलो शिक्षक. सवयीप्रमाणे कागद घेतला आणि रकाने आखले: किंमत, कॅमेरा, बॅटरी, अक्षरांचा आकार, फोटो साठवण्याची जागा. अर्ध्या तासात कागद भरला, पण निर्णय काही होईना. एका रकान्यात एक फोन पुढे, तर दुसऱ्या रकान्यात दुसरा.

शेवटी भाच्यालाच विचारले. तो २००९ पासून तेथे एका हॉटेलात काम करतो. तो म्हणाला, "मामा, तुमच्या कागदावर एक रकाना राहिला आहे. आपले निरोप कोणाच्या हातातून जातात, तो. २०१० मध्ये आमच्या हॉटेलात ज्याच्या-त्याच्या हातात ब्लॅकबेरी होता. तेव्हा काय झालं, आठवतं ना?"

मला अंधुक आठवत होते. ती हकीकत मी पुन्हा नीट वाचून काढली. आपल्या बेटावरच्या प्रत्येक कुटुंबाने ती समजून घ्यावी असे वाटले, म्हणून हा लेख.

खाडीकाठचा बाजार

आपल्यापैकी अनेकांनी दुबई पाहिली आहे. २००२ पासून एमिरेट्सचे विमान प्लेझांसला येऊ लागले आणि दुबई आपल्याला साडेसहा तासांवर आली. दुबईच्या खाडीच्या एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मधून 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या माणसे पोचवतात. बर दुबईतला अल फहिदी रस्ता विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी नावाजलेला, आणि देऱ्यात तर मोबाइलची दुकाने एकाला एक लागून.

हा बाजार तेलावर उभा राहिला नाही. येथे माल येतो आणि पुढे जातो, त्यावर तो उभा आहे. १९७९ मध्ये जेबेल अलीचे बंदर सुरू झाले आणि १९८५ मध्ये तेथे करमुक्त क्षेत्र झाले. जपान, कोरिया आणि चीनमधला माल तेथे उतरतो आणि इराण, आफ्रिका, हिंदुस्थान अशा दिशांना पुन्हा निघतो. या व्यापारात भारतीयांचा वाटा मोठा. मुंबईचे मनू छाब्रिया यांची जम्बो इलेक्ट्रॉनिक्स ही पेढी १९७४ पासूनची, आणि सोनी कंपनीचा माल विकून ती मोठी झाली. त्या काळी कोकणातला माणूस आखातातून परतला की त्याच्या खांद्यावर 'टू-इन-वन' असायचाच, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र. तो टेप एकदा घरी आणला की कंपनीचा आणि आपला संबंध संपे. मोडला तर गावचा कारागीर दुरुस्त करी.

फोनचे तसे नाही. फोन घरी आणल्यानंतरच कंपनीशी आपला संबंध सुरू होतो. टेपमध्ये आणि फोनमध्ये हाच मोठा फरक, आणि ब्लॅकबेरीच्या हकीकतीत तो चांगला दिसतो.

ब्लॅकबेरीची हकीकत

ब्लॅकबेरी हा कॅनडातल्या 'रिसर्च इन मोशन' या कंपनीचा फोन. ही कंपनी १९८४ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉटर्लू गावी सुरू झाली. फोनच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक बटणांची कळपाटी, आणि पत्रे आली की लगेच हातात दिसत. २००९ मध्ये जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका कंपनीचा होता. आखातात तर साहेबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सर्वांना त्याची भुरळ पडली. तरुण मंडळी एकमेकांना फोन नंबर न देता ब्लॅकबेरीचा आठ अक्षरांचा 'पिन' देत. त्या पिनवर फुकट निरोप जात, पण फक्त ब्लॅकबेरीवरून ब्लॅकबेरीवर.

त्याचे खास सामर्थ्य गुप्ततेत होते. निरोप फोनमधून निघतानाच सांकेतिक लिपीत बंद होई आणि कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांतून, म्हणजे सर्व्हरमधून, जाई. कुलूप लावलेली टपालाची थैली समजा. वाटेतल्या कोणालाही ती उघडता येत नसे.

पहिला धक्का जुलै २००९ मध्ये बसला. अमिरातीतल्या एतिसलात या दूरसंचार कंपनीने आपल्या ब्लॅकबेरी ग्राहकांना, ते सुमारे दीड लाख होते, एक सुधारणा फोनमध्ये घालून घेण्यास सांगितले. ती घातल्यावर बॅटऱ्या भराभर उतरू लागल्या. जाणकारांनी तपासले, तेव्हा ग्राहकाच्या पत्रांची नक्कल बाहेर पाठवू शकेल असा कार्यक्रम तिच्यात आढळला. ही सुधारणा आमची नव्हे, असे ब्लॅकबेरीच्या कंपनीने जाहीर केले आणि ती काढून टाकण्याचे साधन दिले. एतिसलातचे म्हणणे असे की जाळ्यातली एक तांत्रिक अडचण दूर करण्यासाठी ती होती.

पुढच्या वर्षी प्रकरण उघड्यावर आले. १ ऑगस्ट २०१० रोजी अमिरातीच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जाहीर केले की ११ ऑक्टोबरपासून ब्लॅकबेरीचे निरोप, पत्रे आणि इंटरनेट या सेवा देशात बंद होतील. कारण असे दिले की या फोनवरची माहिती लगेच देशाबाहेर जाते आणि ती एका परदेशी व्यापारी कंपनीच्या ताब्यात असते, त्यामुळे देशाचा कायदा तिला लागू करता येत नाही. त्या वेळी अमिरातीत सुमारे ५ लाख ब्लॅकबेरीधारक होते. बंदी आली असती तर बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही ती लागली असती. त्याच आठवड्यात सौदी अरेबियानेही बंदीची घोषणा केली, आणि भारत सरकारने ३१ ऑगस्टची मुदत घातली.

माझा भाचा सांगतो, "ते दोन महिने हॉटेलात दुसरा विषय नव्हता. एवढे पैसे घालून घेतलेला फोन ११ तारखेला नुसता डबा होणार, असं जो-तो म्हणायचा."

पण बंदी आलीच नाही. ८ ऑक्टोबर २०१० रोजी, मुदतीच्या तीन दिवस आधी, प्राधिकरणाने जाहीर केले की या सेवा आता देशाच्या नियमांत बसतात आणि त्या चालू राहतील. कंपनीने काय दिले, सरकारने काय सोडले, याचा तपशील लोकांसमोर आला नाही. फोन वापरणाऱ्या पाच लाखांना कोणी काही विचारले नाही. त्यांच्या हातातला फोन तोच होता, रंग तोच, बटणे तीच. बदलले असेल ते फोनच्या आत नव्हे, दूर कुठेतरी, आणि ते त्यांना दिसण्यासारखे नव्हते.

वर्षभराने, ऑक्टोबर २०११ मध्ये, आणखी एक धडा मिळाला. कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि युरोप, आफ्रिका व मध्यपूर्वेतले ब्लॅकबेरी तीन-चार दिवस मुके झाले. बिघाड इंग्लंडमध्ये, गप्प झाले दुबईतले फोन! तेव्हा पोलिसांनी सांगितले होते की त्या दिवसांत दुबईतले अपघात २० टक्क्यांनी आणि अबू धाबीतले ४० टक्क्यांनी घटले, कारण गाडी चालवताना निरोप लिहिणारे हात रिकामे झाले होते. आपल्याकडच्या तरुण चालकांनीही यावर विचार करावा. असो.

राज्य बुडाले कसे?

सरकारांच्या घोषणांना ब्लॅकबेरी पुरून उरला, पण ग्राहकांच्या पाठ फिरवण्यापुढे त्याचे काही चालले नाही. २००७ मध्ये ॲपल कंपनीचा आयफोन आला. २००८ मध्ये गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरचा पहिला फोन बाजारात आला. २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघाले. त्यावरून कोणत्याही कंपनीच्या फोनवर निरोप जात असे. मग फक्त ब्लॅकबेरीवाल्यांशीच बोलणारा फोन कोण ठेवील? एक मित्र गेला, त्याच्यामागे दहा गेले. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणे सोडले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनच्या सेवा कायमच्या थांबल्या. फोन शाबूत असला तरी त्यावरून बोलता येईल याची खात्री उरली नाही.

फिनलंडच्या नोकियाचेही असेच झाले. एके काळी जगातल्या पाच फोनांपैकी जवळजवळ दोन नोकियाचे असत. २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टने घेतला आणि तोही पुढे फार टिकला नाही. लग्नघरात पंगत जिथे बसली आहे तिथेच नवा पाहुणा बसतो, मग दुसरीकडचे जेवण कितीही चांगले असो. फोनच्या बाजारातही तसेच चालते. लोक जिथे तिथे लोक, आणि या ओढीलाच मोठ्या कंपन्यांची खरी ताकद म्हणावे लागेल.

आजची दोन घरे

आज दुबईच्या दुकानात पन्नास तऱ्हेचे फोन मांडलेले दिसतात. पण आत चालणाऱ्या प्रणाली पाहिल्या तर बहुतेक सगळे दोनच घरांचे आहेत: एक ॲपलचे, दुसरे गूगलच्या अँड्रॉइडचे. ॲपल आपला फोन आणि त्याची प्रणाली दोन्ही स्वतःच ठरवते. फोन महाग, दुरुस्ती महाग, पण सुधारणा अनेक वर्षे मिळत राहतात. अँड्रॉइड मात्र सॅमसंग, शाओमी आणि इतर कितीतरी कंपन्या वापरतात. म्हणून तेथे स्वस्त ते महाग सर्व काही मिळते, परंतु सुधारणा किती वर्षे मिळतील हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. सॅमसंगने २०२४ च्या आपल्या वरच्या दर्जाच्या फोनांपासून सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त फोनांना इतके मिळेलच असे नाही.

या कंपन्या भांडतात तशा एकमेकींवर अवलंबूनही असतात. २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगवर नक्कल केल्याचा दावा लावला. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ज्यूरीने शंभर कोटी डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली, आणि २०१८ मध्ये दोघांनी आपसात मिटवले. पण २०१७ च्या आयफोन-टेनचा पडदा सॅमसंगच्याच कारखान्यातून येत होता! म्हणजे आमच्या घरात मुलगी आणि तिची आई ज्या दोन नावांवरून भांडत होत्या, ती दोन नावे एकाच फोनच्या आत सुखाने नांदत होती.

दोन घरे असली की भाडे घरमालक ठरवतो. एखाद्याने फोनसाठी कार्यक्रम तयार केला आणि तो या घरांच्या दुकानातून विकला, तर किमतीचा ३० टक्क्यांपर्यंत भाग ॲपल किंवा गूगल ठेवून घेत आले आहेत. आणि घराबाहेर काढले तर काय होते, ते हुआवेई या चिनी कंपनीला विचारावे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने तिच्यावर व्यापारबंदी घातली आणि तिच्या नव्या फोनांना गूगलचे नकाशे, यूट्यूब आणि ॲपचे दुकान मिळेनासे झाले. फोन उत्तम, पण चीनबाहेरचे गिऱ्हाईक दूर गेले.

कंपनीला कोण वाकवतो?

वाचक विचारतील, मग या कंपन्यांपुढे कोणाचे काहीच चालत नाही काय? चालते, पण मोठ्यांचे. २०१८ मध्ये युरोपीय संघाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला सुमारे ४३४ कोटी युरो दंड केला (न्यायालयाने २०२२ मध्ये तो थोडा कमी केला). भारताच्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये त्याच कंपनीला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड ठोठावला. युरोपने नियम केला की २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना एकाच तऱ्हेचा चार्जर चालला पाहिजे. नियम लागू होण्याआधीच, २०२३ मध्ये, ॲपलने आपल्या आयफोनची चार्जरची खाच बदलली.

आपली वस्ती साडेबारा लाखांची. आपण नियम केला म्हणून कोणतीही कंपनी खाच बदलणार नाही. पण युरोपने लावलेल्या नियमाचा फायदा आपल्यालाही झालाच. आज घरातल्या सर्वांना एक चार्जर पुरू शकतो. तसेच मराठीचे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. एवढे गिऱ्हाईक आहे म्हणून दोन्ही घरांच्या फोनांत मराठी कळपाटी मिळते. त्या गर्दीच्या पुण्याईने मॉरिशसच्या आजीलाही देवनागरीत नातवाला दोन ओळी लिहिता येतात. बाजाराची ताकद वाईटच असते असे नाही. ती कोणत्या बाजूला लागली आहे ते पाहावे.

दुबईत घेताना

आता कामाच्या गोष्टी. फोन एकाच नावाचा असला तरी देशादेशांत तो थोडा वेगळा असतो. २०२५ मध्ये आलेला आयफोन-१७ अमिरातीत सिमकार्डाच्या खाचेशिवाय विकला जातो. त्यात इ-सिम, म्हणजे कार्डाशिवायची जोडणी, चालते. आजीचे जुने कार्ड त्यात घालायला जागाच नाही! म्हणून आधी आपल्या येथील दूरसंचार कंपनीत विचारून घ्यावे. अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याच्या सेवेला परवाना लागतो. त्यामुळे तेथे विकलेल्या आयफोनवर ॲपलची फेसटाइम ही सोय अनेक वर्षे देण्यात आली नव्हती, आणि तेथील आपली मुले परवाना असलेल्या ॲपवरून घरी बोलत आली. नवा फोन घेण्याआधी मुलाला विचारा, "तू कशावरून बोलतोस?" तेच आजीच्या फोनवर चालले पाहिजे. हमीपत्र आपल्या देशात चालते का, हेही दुकानातच विचारावे आणि पावती सांभाळून ठेवावी.

एक गोष्ट आमच्या घरची. वडील गेले त्या वर्षी त्यांनी गणेश चतुर्थीला स्वतः आरती म्हटली होती. ते फोटो आणि तो आवाज एका फोनमध्ये होता. पुढे त्या फोनचा संकेतशब्द कोणाला आठवेना, आणि सर्व काही आत राहून गेले. फोन कोणत्या कंपनीचा होता ते सांगण्याचे कारण नाही, चूक आमची होती. दुसरीकडे नक्कल ठेवली असती तर आज आईला तो आवाज ऐकता आला असता. ती आजही कधीतरी विचारते, "त्या फोनचं काही होईल का रे?" मी गप्प बसतो.

म्हणून माझ्या कागदावर मी चार रकाने वाढवले. ज्यांच्याशी बोलायचे ते सर्व या फोनवर भेटतील काय? सुधारणा किती वर्षे मिळतील? आपले कार्ड, आपला चार्जर आणि आपली मराठी त्यात चालेल काय? आणि उद्या कंपनी बदलली तर आपले फोटो व निरोप बाहेर काढता येतील काय? या चार रकान्यांनी आमचा निर्णय एका संध्याकाळी झाला. भाच्याला सांगितले, "मधल्या किमतीचा अँड्रॉइड आण, सिमकार्डाची खाच असलेला, मोठ्या अक्षरांचा. निघण्याआधी त्यावरून मला एकदा बोलून दाखव."

मुलगी थोडी रुसली आहे, पण तिला काम दिले आहे. फोन आला की आजीचा संकेतशब्द वहीत लिहून ठेवायचा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटोंची नक्कल काढायची. आपल्याही घरून कोणी दुबईला जाणार असेल, तर आधी हे चार प्रश्न कागदावर उतरवून त्याच्या खिशात घाला.